ओळखीतल्याची जुनी बोट घेताय? आधी लाकूड ठोकून बघा

पत्र असं आलंय:

"दादा, आम्ही ओहायोत मेसनला राहतो, मी, बायको आणि दोन मुलं, ९ आणि ६ वर्षांची. खूप दिवस मनात आहे की स्वतःची बोट घेऊन ओहायो नदीवर जावं. फार काही नाही, शनिवारी सकाळी निघायचं, सिनसिनाटी डाउनटाउनपर्यंत फिरायचं, डबा खायचा, परत यायचं. आता ऑफिसातल्या मित्राच्या मेव्हण्याकडे २००४ ची १९ फुटी बोरायडर (पुढच्या टोकातही बसायला जागा असते ती उघडी बोट) विकायला आहे. मर्क्रूझरचं ३.० लिटर इंजिन, मीटरवर फक्त २१० तास, ट्रेलरसकट ७,५०० डॉलर म्हणतोय. ड्राइव्हवेत इंजिन लावून दाखवलं, एका झटक्यात लागलं. माणूस आपला आहे, मंडळाच्या गणपतीत भेटतो, त्यामुळे मेकॅनिक आणतो असं म्हणायला कसंतरीच वाटतं. जूनमध्ये पुण्याहून आई-बाबा येतायत, त्याआधी घ्यायचीये. आमची टोयोटा सिएना आहे, तिला ओढवेल ना? बायकोला भीती वाटते कारण आम्हा दोघांनाही नीट पोहता येत नाही. घेऊ का?
– मेसनचा एक बाबा"

दादा म्हटलंस म्हणून सरळ अरेतुरे करतो. बोट जरूर घे, नदीसारखी मजा नाही आणि मुलं याच वयात ती लक्षात ठेवतात. पण हीच बोट घेऊ का याचं उत्तर आज तुलाही देता येणार नाही आणि मलाही, कारण तू अजून इंजिनाचा आवाज तेवढा ऐकलायस. ड्राइव्हला, म्हणजे बोटीच्या मागे लटकणाऱ्या प्रोपेलरवाल्या भागाला, दोन रबरी कप लावून बागेच्या नळीचं पाणी दिलं की इंजिनावर काही लोडच येत नाही, तसं तर बरंच खराब झालेलं इंजिनसुद्धा छान गुणगुणतं. आणि खरं सांगू का, या व्यवहारात मला सगळ्यात कमी काळजी इंजिनाचीच आहे. हे ३.० म्हणजे साधं चार सिलिंडरचं, जनरल मोटर्सच्या ब्लॉकवरचं, १३५ हॉर्सपॉवरच्या आसपासचं इंजिन, वर्षानुवर्षं हजारो बोटींत बसलंय, पार्ट कुठेही मिळतात, कुठलाही बोटीचा मेकॅनिक त्यावर काम करतो.

काळजी आहे ती लाकडाची.

त्या काळातल्या बऱ्याच बोटी बाहेरून फायबरग्लासच्या दिसल्या तरी आत प्लायवूड असायचं. मागची सपाट भिंत, जिच्यावर सगळा ड्राइव्ह लटकलेला असतो तो ट्रान्सम, त्याच्या पोटात लाकूड, फ्लोअरच्या खाली लांबीत जाणाऱ्या तुळया म्हणजे स्ट्रिंगर, त्यांच्यात लाकूड, फ्लोअर स्वतः लाकडाचा. काही कंपन्यांनी तोवर लाकूड सोडलं होतं, त्यामुळे आधी मॉडेल सांगून विचारून घे. लाकूड असेल तर कुणीतरी शिडी लावायला, फिशफाइंडरचा सेन्सर बसवायला एक स्क्रू मारतो, सीलंट नीट भरत नाही, तिथून थेंब थेंब पाणी आत जातं आणि पाच-दहा वर्षांत आतलं लाकूड भिजून भुगा होतं. वरून जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, चकचकीतच राहतो, फोटोत काही कळत नाही. आणि हे झालं की दुरुस्ती म्हणजे इंजिन काढा, मागची भिंत कापा, नवीन बसवा, खर्च बोटीच्या किमतीच्या वर जातो. म्हणून आधी हे बघायचं, बाकी सगळं नंतर.

बघायचं कसं, तर स्क्रूड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ घे आणि ट्रान्समवर सगळीकडे हळूहळू ठोकत जा. कोरड्या लाकडावर खणखणीत, टणटण आवाज येतो, कुजलेल्या जागी तो एकदम बसतो, ढप्प येतो, दोन्ही शेजारी-शेजारी ऐकलेस की फरक लगेच कळतो, त्याला अनुभव लागत नाही. खाली जिथून पाणी काढायचा प्लग असतो त्याच्या भोवती, सेन्सरच्या आणि शिडीच्या स्क्रूंजवळ, ड्राइव्हच्या कडेने, या जागा जास्त वेळ घेऊन ठोक. परवानगी घेऊन सेन्सरचा एक स्क्रू काढायला लाव, भोकातून तपकिरी पाणी आलं किंवा स्क्रूच्या आट्यांना ओला भुसा चिकटून आला तर तिथेच थांब आणि घरी ये. मग एकाला ड्राइव्हचा खालचा भाग धरून वरखाली जोर द्यायला सांग आणि तू ट्रान्समकडे बघ, भिंत जराही हलता कामा नये. आत चढून बूट काढ आणि टाचेवर वजन टाकत फ्लोअर चाल, ड्रायव्हरच्या सीटच्या पायाशी आणि मधल्या स्की ठेवायच्या खणाच्या कडेला खास, कुठे मऊ लागलं, पाय दबला, की खाली पाणी मुरलंय समज. इंजिनाचं झाकण उघडून इंजिन ज्यावर बसतं त्या पुढच्या माउंटचे बोल्ट बघ, पान्याने किंचित आवळून बघ, ते नुसतेच गरागरा फिरत असतील तर ज्या लाकडात ते रुतलेत ते संपलंय.

आता ते २१० तास. वीस वर्षांत २१० तास म्हणजे वर्षाला दहा-अकरा, म्हणजे ही बोट बहुतेक वेळ उभीच होती. लोकांना कमी तास म्हटलं की आनंद होतो, पण रबर तास बघत नाही, वर्षं बघतं. या ड्राइव्हमध्ये बेलोज नावाच्या रबरी घड्या असतात, नदीचं पाणी आणि बोटीचं पोट यांच्यामध्ये तेवढंच रबर. ते फाटलं की आधी बेअरिंग जातं आणि बोट मरीनात, म्हणजे बोटी ठेवायच्या धक्क्यावर, पाण्यात बांधून ठेवली असेल तर रात्रीत बुडूही शकते. ड्राइव्ह वर उचलून, पूर्ण डावीकडे पूर्ण उजवीकडे वळवून, टॉर्च मारून प्रत्येक घडीच्या आत बघ. चिरा दिसल्या, किंवा शेवटचे कधी बदलले याचं बिल नसलं, तर ते बदलायचेच असं धरून चाल, साधारण हजार डॉलरच्या आसपास जातात. त्याच वेळी पाण्याच्या पंपाचा इंपेलर, म्हणजे आतलं रबरी चक्र, तोही नवीन टाकून घ्यायचा, तो दर दोन-तीन वर्षांनी बदलायचा असतोच. ड्राइव्हच्या खालच्या स्क्रूमधून थोडं गिअर ऑइल काढायला लाव, दुधाळ चहासारखं आलं तर सील गेलंय. इंजिनाच्या डिपस्टिकवर तसाच रंग दिसला तर प्रकरण जास्त गंभीर आहे, कारण इथे ओहायोत हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो आणि हे इंजिन नदीच्याच पाण्याने थंड होतं, एका ऑक्टोबरला कुणी ब्लॉकमधलं पाणी काढायचं विसरलं की त्याचा बर्फ होऊन लोखंडाला तडा जातो. म्हणून विंटरायझेशन, म्हणजे हिवाळ्याआधी पाणी काढून बोट ठेवायची तयारी, दरवर्षी कोण करायचं ते विचार, पावत्या माग, स्वतः करत असेल तर कसं करायचा ते सांगायला लाव, ज्याने खरंच केलंय तो कुठले प्लग काढले ते न अडखळता सांगतो.

एवढं पास झालं की पाण्यात घालायची. ही पायरी कितीही ओळखीतला असला तरी सोडायची नाही, पाण्यात लोडवर चालवल्याशिवाय एक डॉलरही द्यायचा नाही. नदीवर नको, बटाव्हियाजवळचं ईस्ट फोर्क लेक घ्या, तिथे ना करंट ना मालवाहू बार्ज. तू पोचशील तेव्हा इंजिनाला हात लावून बघ, गार असलं पाहिजे, आधीच तापवून ठेवलं असेल तर थंड असताना लागतं की नाही ते तुला कळणार नाही. पाण्यात उतरवल्यावर लगेच निघू नका, दहा-पंधरा मिनिटं डॉकला बांधून ठेवा आणि इंजिनाखाली पाणी येतंय का बघा. निघायच्या आधी ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या खणातली हवा बाहेर फेकणारा पंखा, चार मिनिटं चालू ठेवायचा, पेट्रोलची वाफ बाहेर जायला, हे दरवेळी, आयुष्यभर. मग लेकच्या मध्यावर पूर्ण थ्रॉटल द्यायला सांग, साधारण ४,४०० ते ४,८०० आरपीएमपर्यंत जायला हवी, तापमानाचा काटा चढत राहता कामा नये, मग वेग कमी करून फॉरवर्ड, न्यूट्रल, रिव्हर्स असं दोन-चारदा टाक, बंद पडते का बघ, पूर्ण वळवून ऐक, मागून गुरगुर येत असेल तर बेअरिंग. परत आल्यावर पुन्हा एकदा तळाशी पाणी आणि तेल बघ.

आता तुझ्या मनातली खरी अडचण, माणूस आपला आहे. अरे, भीड ही भिकेची बहीण हे आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. तू विचार कर, न बघता घेतलीस आणि ऑगस्टमध्ये ट्रान्सम कुजलेला निघाला, तर पुढच्या गणपतीत तू त्याच्याशी कसा बोलणार आहेस? आणि त्या बिचाऱ्याला कदाचित माहीतही नसेल आत काय आहे, त्याने मुद्दाम लपवलंय असं नाही. ओळख टिकवायची असेल तर आत्ताच तपासून घेणं दोघांच्याही भल्याचं. त्याला सरळ सांग, "बोट आवडलीये, पण माझं हे पहिलंच खरेदीचं काम आहे आणि बायकोला शब्द दिलाय की सर्व्हेअरने बघितल्याशिवाय घेणार नाही." आधी वहिनींना तसा शब्द देऊन टाक, म्हणजे हे खरंही असेल. सॅम्स या सर्व्हेअरांच्या संघटनेचा सभासद असलेला मरीन सर्व्हेअर, म्हणजे बोटी तपासणारा जाणकार, शोध, फुटामागे २० ते ३० डॉलर धरून ४००-५०० च्या आसपास जाईल, त्याच्याकडे ओलावा मोजायचं मीटर असतं. साडेसात हजारांसाठी हे पैसे जास्त वाटतील, पण मी म्हणतो द्यावेत, ठोकून बघणं हे वाईट बोट लगेच बाद करायला, चांगली आहे यावर शिक्का मारायला सर्व्हेअर. कुणी सर्व्हेला किंवा पाण्यात घालायला नाहीच म्हणाला, तर तुझा प्रश्न तिथेच सुटला.

कागदांचं थोडक्यात. ओहायोत १४ फूट आणि त्यावरच्या बोटीला टायटल, म्हणजे मालकीचा कागद, लागतं. टायटल त्याच्याच नावावर आहे ना, त्यावर कुठल्या बँकेचं कर्ज नोंदलंय का ते बघ. ट्रान्समच्या उजव्या बाजूला वर १२ अक्षर-आकड्यांचा एचआयएन, म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो, तो टायटलशी एकेक अक्षर जुळव, शेवटचे दोन आकडे मॉडेल वर्षाचे, इथे ०४ असायला हवेत. टायटलवर सह्या नोटरीसमोर. ट्रेलरचे कागद वेगळे, ते विसरू नकोस. आणि तुझा जन्म १ जानेवारी १९८२ किंवा त्यानंतरचा असेल तर ओहायोत १० हॉर्सपॉवरवरची बोट चालवायला बोटिंगचा कोर्स सक्तीचा आहे. ऑनलाइन होतो. तू आणि वहिनी दोघांनी करा, तुला काही झालं तर बोट काठाला आणणारं दुसरं कुणीतरी हवं.

सिएनाचं उत्तर तुला आवडणार नाही. तिची ओढायची क्षमता ३,५०० पाउंड. अशी १९ फुटी बोट इंजिनासकट अडीच हजारांच्या मागेपुढे, ३० गॅलन पेट्रोल म्हणजे आणखी १८० पाउंड, ट्रेलर ७०० ते ९००, नांगर, दोर, लाइफ जॅकेटं, कूलर धरलं की तू मर्यादेवर किंवा तिच्या पलीकडे, वर व्हॅनमध्ये सहा माणसं. रस्त्यावर कदाचित जाईल पण बोट पाण्यात उतरवायच्या रॅम्पवर फसेल. नदीचे रॅम्प उताराचे, खाली चिखल आणि शेवाळ, फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीची पुढची चाकं नेमकी तिथेच नुसती फिरतात कारण सगळं वजन मागे खेचत असतं. अंदाजावर जाऊ नकोस, त्याच्याच गाडीने ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर ट्रेलरसकट बोट न्या आणि काय भरते ते बघा. साडेतीन हजारांच्या जवळ गेली तर एक तर ५,००० पाउंडवाली एसयूव्ही लागेल, नाहीतर बोट नदीकाठच्या मरीनात ठेवावी लागेल. मरीनात ठेवणार असशील तर रॅकवर कोरडी ठेवणारं मरीना बघ, त्या बेलोजसाठी तेच बरं. हे सगळं आधी जमेला धर, इन्शुरन्स, विंटरायझेशन, मरीना, शिवाय आरामात फिरलात तरी तासाला पाचेक गॅलन पेट्रोल, नाहीतर चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला व्हायचं.

आणि नदी. तुम्ही ज्या पाण्यावर फिरणार ते वरच्या मेल्डाल आणि खालच्या मार्कलंड या दोन धरणांमधलं सुमारे ९५ मैलांचं पाणी, बहुतेक वेळा शांत, रुंद, खरंच सुंदर. पण ही कामाची नदी आहे. कोळसा, धान्य, खडी घेऊन जाणाऱ्या बार्ज १५-१५ एकत्र बांधलेल्या असतात, तीन रुंदीत पाच लांबीत, म्हणजे ढकलणारी बोट धरून १,००० फुटांच्या वर, थांबायला तिला मैलभर लागू शकतो आणि पुढचे शेकडो फूट तिच्या कॅप्टनला दिसतच नाहीत. तिच्या समोरून आडवं जायचं नाही, कितीही लांब वाटली तरी. इंजिन कधी बंद पडेल सांगता येत नाही, त्यामुळे नांगर आणि पुरेसा लांब दोर हाताशी, खणात तळाला नाही. बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ घे, चॅनल १३ वर बार्जवाले बोलतात, चॅनल १६ संकटासाठी. मोठा पाऊस झाला की दोन-तीन दिवस, नदी चढलेली असेल तर आठवडाही, घरी राहायचं. तपकिरी पाण्यात अख्खे ओंडके अर्धे बुडालेले वाहत येतात आणि ते दिसेपर्यंत प्रोपेलर गेलेला असतो. सुरुवातीचे काही शनिवार ईस्ट फोर्कलाच काढ, बोट डॉकला लावायला शिक, मग नदी.

वहिनींची भीती रास्त आहे, तिला समजावत बसू नकोस, तिचं ऐक. पोहता न येणाऱ्याने जॅकेट घालूनच चढायचं, तू सुद्धा, आई-बाबा सुद्धा, "एवढं उकडतंय, काढू का" याला उत्तर नाही. नदीचा बराचसा भाग केंटकीच्या हद्दीत येतो आणि तिथे चालत्या बोटीत उघड्यावर बसलेल्या १२ वर्षांखालच्या मुलांना जॅकेट घालणं कायद्यानेच सक्तीचं आहे. मुलांची जॅकेटं वजन बघून घ्यायची, खांद्याला धरून वर उचललं की कानापर्यंत सरकता कामा नयेत. मोठ्यांची सैल घालून चालत नाहीत. बोट चालू असताना पुढे पाय बाहेर सोडून बसायचं नाही, मूल पुढे पडलं तर थेट प्रोपेलरखाली जातं. इंजिन चालू असताना मागच्या प्लॅटफॉर्मवर कुणी बसायचं नाही, तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो, वास येत नाही. इंजिन बंद करणारी ती लाल दोरी असते ना, ती तुझ्या जॅकेटला अडकवलेली हवी, २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींत ती बसवलेली असेल तर वेगात जाताना लावणं सक्तीचं आहे. बोटीसोबत मिळणारं आगीचं सिलिंडर उलटं करून तारीख बघ, एकदाच वापरायचं असेल आणि बनवून १२ वर्षं झाली असतील तर ते आता चालत नाही, नवीन घे. बोट हातात आली की कोस्ट गार्ड ऑक्झिलरीचे स्वयंसेवक फुकटात तपासणी करून देतात, त्यांना बोलाव, काही कमी असेल तर दंड करत नाहीत, नुसतं सांगतात.

आई-बाबांसाठी जूनची घाई मात्र सोड. बोरायडरची कड ओलांडून आत उतरायचं म्हणजे सत्तरीतल्या गुडघ्यांना सोपं नाही, खाली बोट हलत असते. त्यांना पॉन्टून बरी, सपाट, बाजूला दार, वर छत, आई साडीतसुद्धा चढेल. जूनमध्ये एखाद्या लेकवर दिवसभरासाठी पॉन्टून भाड्याने घे, सगळे एकत्र बसा, पोह्यांचा डबा उघडा, वहिनींनाही अंदाज येईल आपल्याला पाणी झेपतंय का. तोपर्यंत या बोटीचं सावकाश होऊ दे.

किमतीचं म्हणशील तर लाकूड कोरडं, पाण्यात नीट चालली, पण बेलोजचं बिल नाही, अशी निघाली तर त्या कामाचे पैसे वजा करून सहा-साडेसहाच्या मधे बोल, सर्व्हेचा रिपोर्ट समोर ठेवून, म्हणजे तोंडावर घासाघीस केल्यासारखं त्यालाही वाटणार नाही. ट्रान्सम ओला निघाला तर हजार डॉलरला दिली तरी घेऊ नकोस, आणि तो रिपोर्ट त्याला दे, त्याच्या घरचेही याच बोटीत बसतात. या आठवड्यात त्याला फोन करून बाकी काही न बोलता एवढंच विचार, की शनिवारी तासभर येऊन नीट बघू का, आणि येताना स्क्रूड्रायव्हर नि टॉर्च घेऊन जा.